रिपोर्टमधले ठळक आकडे, थकवा आणि गळणारे केस : तुमचे अनुभव सांगा

जुना अमळनेरकर :
काल रात्री भाच्याने व्हॉट्सअॅपवर रिपोर्टचे फोटो टाकले, अकरा पानं, अन् खाली एवढंच की मामा बघा ना, केस लई गळतात अन् दुपारनंतर जीवच राहत नाही अंगात. वय 23. चार आकडे ठळक छापलेले, त्याभोवती त्याने लाल गोल केलेले. बघितलं अन् मला माझी जळगावची खोली आठवली.

2013 साल, मी एमआयडीसीत कामाला, तिसऱ्या मजल्यावर खोली. चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबून मोबाईल बघितल्यासारखं करायचो म्हणजे कोणाला वाटू नये हा दमला. मोरीच्या जाळीवर रोज केसांचा गुंता, पार्टनर बोंबलायचा. शेवटी 72 टेस्टचं पॅकेज केलं. बिलीरुबिन, म्हणजे कावीळीत वाढतं ते, 1.4 ठळक आलं. झालं, पार्टनर म्हणे कावीळ! रविवारी बसने एका गावाला नेलं, एका बाबांनी गळ्यात माळ घातली, ती वाढत वाढत बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली. पंधरा दिवस तेल-तिखट बंद, शेवभाजी बंद. म्हणजे जे थोडंफार खात होतो तेही गेलं.

मग चुलत वहिनी एका डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेली. मॅडमनी बिलीरुबिनवर नुसतं बोट ठेवलं अन् पुढे गेल्या, म्हणे काहींचं जन्मतःच थोडं जास्त असतं, उपाशीपोटी अजून वाढतं, त्रास काही नसतो. त्यांचं बोट थांबलं एमसीव्हीवर, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा आकार, 74, लहानच. हिमोग्लोबिन 12.8, ज्याला आम्ही सगळे 'तेराला टेकलंच की' म्हणून सोडून दिलेलं. फेरिटिन वेगळं करायला लावलं, 72 टेस्टमध्ये ते नव्हतंच. आलं 9. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोखंडाचा साठा, कोठारातलं धान्य समजा. हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या ताटातली भाकर. कोठार रिकामं होत जातं तरी ताटात भाकर दिसते, म्हणून कळत नाही.

मग विचारलं, संडासवाटे रक्त जातं का? शेजारी वहिनी. मी म्हटलं, नाही.

दोन महिने गोळ्या खाल्ल्या, संडास काळी, हिमोग्लोबिन 13.0. म्हणजे जागच्या जागी. मॅडमनी वहिनीला चिठ्ठी देऊन मेडिकलवर पाठवलं अन् दार लावून परत विचारलं. मूळव्याध होती दोन वर्षांपासून. एकीकडून भरत होतो अन् दुसरीकडून गळत होतं. पुरुषाचं लोखंड कमी निघालं तर आधी रक्त कुठून जातंय ते शोधायचं, हे मला तेव्हा कळलं. मूळव्याधीचा इलाज झाला, गोळ्या हिमोग्लोबिन भरल्यावरही तीन महिने चालू ठेवल्या, दम परत आला. केस? गळणं कमी झालं. कपाळावरचे मात्र गेले ते गेलेच, ते वडिलांकडून आलेलं, त्याला गोळी काय करणार.

तुमचेही सांगा.

केळीबाग :
आमच्या रावेरकडे सगळे माळकरी, अंडंसुद्धा नाही. माझं बी12 आलं 112. तळपायाला मुंग्या यायच्या, मला वाटायचं बागेत पाणी भरतो म्हणून. डॉक्टरने विचारलं गॅसची गोळी घेतो का, म्हटलं हो, तीन वर्ष झाले, रोज सकाळी एक. ती पॅन्टोवाली, मेडिकलवर मागितली की देतात. म्हणे एक तर शाकाहारी त्यात चहापुरतंच दूध, वरून ही गोळी बी12 नीट शोषू देत नाही. इंजेक्शनं घेतली आधी एक दिवसाआड मग आठवड्याला. मुंग्या गेल्या. केसांचं काय ते बायकोला विचारा

दादर :
माळकरी माणूस अन् गॅस! भरीत कमी खा भाऊ, हिरवी मिरची किती घालता तुम्ही लोक

केळीबाग :
भरीत सोडू पण गाव नाही सोडणार 😄 यंदा वांगी मस्त आहेत, या शेतात, कळण्याची भाकर करू

चाळीसगाव लॅबवाला :
मी लॅबमध्ये आहे, हळू आवाजात सांगतो. ठळक म्हणजे आजार नाही. रिपोर्टवर नॉर्मल म्हणून छापतात ती रेंज बनवतानाच धडधाकट लोकांपैकी 95 टक्के आत बसतील अशी बनवतात, म्हणजे शंभरातले पाच जण काही नसताना बाहेर. 72 टेस्ट केल्या तर तीन-चार ठळक यायचेच, पैसे देऊन घाबरायचं काम. अन् उलटंही, फेरिटिन ताप-इन्फेक्शनमध्ये आपोआप वर जातं, साठा कमी असून आकडा छान दिसतो, म्हणून ताप उतरल्यावर करा. पोरं टेस्टोस्टेरॉन करायला संध्याकाळी पाच वाजता येतात जिम सुटल्यावर, ते सकाळी आठ ते दहामध्ये द्यायचं असतं, संध्याकाळी कमीच येतं. मग ते पोरगं रात्रभर गूगल करत बसतं. दोन लॅबचे आकडे एकमेकांशी लावू नका, मशीन वेगळी रेंज वेगळी. गिऱ्हाईक आलं, नंतर बोलतो

भरतीवाला :
मी पोलीस भरतीची तयारी करतो धुळ्याला, पहाटे पाचला ग्राउंड. 1600 मीटरला टाइम पडायला लागला सहा मिनिटं पाच सेकंदांवरून सहा-चाळीस अन् केस बी जात होते म्हणून केसांच्या त्या गोड गोळ्या असतात ना चघळायच्या त्या चालू केल्या, रोज दोन, मित्र म्हणे चार खा. मग थायरॉइड केलं तर टीएसएच अन् टी4 हे थायरॉइडचे दोन आकडे, त्यातला टीएसएच एकदम कमी अन् टी4 जास्त, डॉक्टर बोलले थायरॉइड वाढलंय, आई रडायला लागली की आता नोकरी लागत नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं काही चालू आहे का, मी त्या गोळ्यांची डबी दाखवली. बायोटिन होतं त्यात, केसांसाठी देतात ते व्हिटॅमिन, भरपूर. काही मशीनमध्ये ते टेस्टच्या आकड्यातच गोंधळ घालतं म्हणे. चार दिवस बंद करून परत केलं, सगळं नॉर्मल. टाइम का पडत होता? उपाशी पळायचो अन् पाच तास झोपायचो. रूमवर सहा जण, रात्री दोनपर्यंत रील्स.

दादर :
सहा-चाळीस? मी बसने पण एवढ्यात पोहोचत नाही

शिरपूरची ताई :
आमच्या ह्यांचं सांगते. व्हिटॅमिन डी 8 आलं. उन्हाचा जिल्हा आमचा, मे महिन्यात 45 च्या वर जातं, अन् माणसाच्या अंगात डी नाही! पण बरोबरच आहे, दहा ते पाच ऑफिस, दारं-खिडक्या बंद, बाहेर निघाले तर रुमाल टोपी चष्मा, पोपटासारखे फक्त डोळे उघडे. डॉक्टरने 60 हजार युनिटवाली डीची पुडी दिली, आठवड्याला एक, आठ आठवडे. ह्यांनी ऐकलं रोज एक. दुधात घालून रोज रात्री, वर मलाच म्हणायचे किती फरक पडलाय बघ. मेडिकलवाल्याने विचारलं, साहेब एवढ्यात संपल्या? तेव्हा उजेड पडला. आठ दिवसांत आठ. लगेच कॅल्शियम तपासलं, देवाच्या कृपेने वाढलेलं नव्हतं. त्यावर हे म्हणतात कोर्स लवकर पूर्ण झाला.

केळीबाग :
😂😂 साहेबांना नमस्कार सांगा

सातपुडा :
आमच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे हिमोग्लोबिन कमी आलं की सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, टेस्ट पण करून घ्या, बाहेरचे डॉक्टर कधी कधी विसरतात. माझ्या भावाचं 11.4 होतं, बी.एड. करत होता, वर्गात झोपायचा. सोल्युबिलिटी, म्हणजे सिकलसेलची पहिली साधी टेस्ट, पॉझिटिव्ह आली, घरात सन्नाटा. मग इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे पक्कं सांगणारी टेस्ट, केलं तर तो नुसता वाहक निघाला, म्हणजे दोष एकाच पालकाकडून आलेला, स्वतःला आजार नाही. सरकारी दवाखान्यातल्या सरांनी नीट समजावलं की वाहकाला त्यामुळे सहसा थकवा येत नाही, तुझं कारण वेगळं आहे. निघाले जंत, लहानपणापासून शेतात अनवाणी. जंताची गोळी अन् लोखंडाच्या गोळ्या, दोन महिन्यांत रंग बदलला त्याचा. पण सर अजून एक बोलले की लग्न ठरवताना मुलीची पण टेस्ट करा, दोघं वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की मूल आजारी. आता आमच्याकडे पत्रिकेच्या आधी ते बघतात.

पारोळ्याचा दिन्या :
भो मनं बी असंच व्हयनं व्हतं. डेंग्यू झाल्ता ऑक्टोबरात, दिवाळीत ठणठणीत अन् जानेवारीत केस हातात यायला लागले, कंगव्याला हात लावायची भीती. सगळे रिपोर्ट केले, सगळे नॉर्मल, तेच जास्त खटकलं. त्वचेच्या डॉक्टरने तारीख विचारली तापाची. दोन-तीन महिन्यांनी गळतातच म्हणे मोठ्या तापानंतर, येतील परत. आले. पण तोवर पोरगी बघायचा कार्यक्रम टोपी घालूनच केला, सासरा अजून विचारतो टोपी कुठं गेली

दादर :
अन् आमचं काय, आज्याला टक्कल, बापाला टक्कल, काकाला टक्कल, तीन हजार घालवून रिपोर्ट केले, सगळे फर्स्ट क्लास. डॉक्टर म्हणे घरचे फोटो आणले असते तर टेस्ट लागल्याच नसत्या.

शिरपूरची ताई :
दादर भाऊ, तुम्ही जेवण झालं की लगेच चहा घेता का? आमच्याकडे सगळे घेतात, त्यानेही लोखंड शोषलं जात नाही म्हणे, तासभर थांबायचं. थांबा कुकर लावलाय, आले

जुना अमळनेरकर :
सगळ्यांचं वाचलं. लॅबवाले भाऊ, भाच्याचं तुम्ही म्हणता तसंच आहे, त्याने गोल केलेल्यांत फेरिटिन नाहीच, ते केलेलंच नाही. एमसीव्ही 76 आहे, त्याला गोल नाही. आता फोन केला, सरळ विचारलं संडासला रक्त जातं का. तो एक मिनिट गप्प. मग म्हणाला, 'मामा, आई शेजारी आहे, मग बोलतो.'

शिरपूरची ताई :
साडेनऊला करा फोन. त्या वेळेला आई सिरियलीत असते.