मदत हवी आहे: वेरूळच्या कैलासात आई-बाबांचा फोटो, माणसंही दिसावीत आणि देऊळही

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत आम्ही घरची सगळी वेरूळला निघालोय. आई-बाबा, नवरा, दोन्ही मुलं आणि नाशिकची आत्या. बाबांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. राष्ट्रकूट आले की ते फळ्यावर डोंगराची आकृती काढायचे आणि कळसाकडून पायाकडे खोदत हे देऊळ कसं मोकळं केलं, ते मुलांना समजावून सांगायचे. आईने मात्र कैलास अजून पाहिलेला नाही. दोघं एकत्र तिथे पहिल्यांदाच जाणार आहेत. त्यांचा तिथला एक तरी फोटो मला मोठा छापून बैठकीत लावायचाय.

नातेवाइकांचे वेरूळचे फोटो मुद्दाम मागवून पाहिले. बहुतेकांचे दोनच प्रकार दिसले. एकात माणसं छान आलीत, पण मागे नुसता काळा दगड, तो कुठलाही असू शकेल. दुसऱ्यात अख्खं देऊळ आणि त्याच्या पायथ्याशी मुंगीएवढी माणसं, कोण आहे तेही ओळखू येत नाही. मला दोन्ही एकाच चौकटीत हवंय.

माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे जरा लहान सेन्सरचा) डीएसएलआर कॅमेरा आहे, सोबत मिळालेली १८-५५ एमएमची किट लेन्स आणि ५० एमएम एफ १.८. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढउतार नको. कैलासाचं तोंड पश्चिमेला आहे एवढं माहीत आहे, म्हणजे दुपारनंतर जावं का? आणि १० नंबरच्या लेण्यातल्या अंधारात फ्लॅश आणि ट्रायपॉडशिवाय काय करता येईल?

सह्यभटक:
दुपारनंतरच जा. सकाळी सूर्य देवळाच्या मागे असतो, दर्शनी भाग सगळा सावलीत. चारनंतर शिखरावर आणि मंडपाच्या माथ्यावर जे पिवळं ऊन येतं, त्यात दगडावरचा टाकीचा एकेक घाव उठून दिसतो. डिसेंबरात तिथे सूर्य सहाच्या आधीच मावळतो, तेव्हा साडेतीनला आत असलेलं बरं.

पन्नासएमएम:
देवळाच्या फोटोसाठी सह्यभटक म्हणतात ते अगदी बरोबर. आई-बाबांच्या फोटोसाठी मात्र मी सकाळच सांगेन, आणि आग्रहाने सांगेन.

कैलास म्हणजे डोंगरात खोदलेलं खोल अंगण आणि मधोमध देऊळ. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या उंच कड्याची सावली त्या बाजूच्या अंगणात पडलेली राहते. दुपारी शिखर उन्हात आणि माणसं सावलीत. चेहरे नीट घ्यायला गेलात तर शिखर पांढरं पडतं, शिखर सांभाळलंत तर चेहरे काळवंडतात. सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर देऊळही सावलीत आणि माणसंही सावलीत. वरून आकाशाचा मऊ उजेड सगळीकडे सारखा पडतो. डोळे मिचकावावे लागत नाहीत, वयस्कर चेहऱ्यांवर डोळ्यांखाली काळ्या खाचा पडत नाहीत. शिवाय सुट्टीतली गर्दी नऊ-दहानंतर वाढते.

आता मुख्य मुद्दा. फोटो काढताना आपण माणसांना देवळाजवळ नेऊन उभं करतो आणि मग सगळं देऊळ मावावं म्हणून स्वतः मागे मागे सरकतो. माणसं मुंगीएवढी होतात ती इथेच. उलट करा. देऊळ जिथून हवं तसं दिसतंय ती जागा आधी ठरवा, तिथे कॅमेरा धरा, आणि मग आई-बाबांना कॅमेऱ्याजवळ बोलवा, अडीच-तीन मीटरवर. कमरेपासून वर दिसतील, चेहरे स्पष्ट येतील, आणि देऊळ मागे आहे तेवढंच राहील.

दोन्ही स्पष्ट यायला ५० एमएम पिशवीतच ठेवा. किट लेन्स १८ एमएमवर, म्हणजे सगळ्यात रुंद दृश्यावर, आणि एफ ८, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक. तुमच्या सेन्सरवर अडीच मीटरला फोकस केलात की साधारण सव्वा मीटरपासून थेट डोंगरापर्यंत सगळं रेखीव येतं. शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू नको, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८००-१६०० करावा लागला तरी बिनधास्त करा. एक काळजी घ्या: १८ एमएमवर चौकटीच्या कडेला आलेला चेहरा ताणला जातो. दोघांना मध्याच्या जरा बाजूला ठेवा, अगदी टोकाला नको.

धागाकर्ती:
हे वाचून लगेच अंगणात जाऊन करून पाहिलं. समोरची तीन मजली इमारत आणि आई, दोघंही एका चौकटीत व्यवस्थित आले! पण कैलासात नेमकं उभं कुठे राहायचं? गोपुरातून आत गेल्यावर समोर गजलक्ष्मीचं शिल्प येतं एवढं बाबा सांगतात.

पन्नासएमएम:
गजलक्ष्मीपाशी थांबू नका, तिथे जागा अरुंद आणि माणसांची ये-जा. तिथून उजवीकडे वळा, म्हणजे दक्षिणेच्या अंगणात याल. नैर्ऋत्य कोपऱ्याकडे पाठ करून ईशान्येकडे पाहा. हत्ती, ध्वजस्तंभ, मंडपाची बाजू आणि मागे शिखर असे एकामागे एक येतात. सकाळी सूर्य आग्नेयेला असतो, त्यामुळे ईशान्येचं आकाश त्यामानाने कमी भगभगीत मिळतं. तरी आकाश कमीत कमी घ्या. कॅमेरा उभा धरा, स्वतः थोडं वाका, आणि रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, म्हणजे घरी आल्यावर आकाशाचा उजेड थोडा कमी करता येईल.

त्याच बाजूला पुढे गेलात की कैलास हलवणाऱ्या रावणाचं शिल्प आहे. बाबांना ते आईला समजावून सांगू द्या आणि तुम्ही ५० एमएम लावून बाजूने काढत राहा. मला विचाराल तर भिंतीवर लावायचा फोटो तिथेच मिळेल.

रंगरेषा:
कपड्यांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. तिथल्या बेसॉल्ट दगडाचा रंग काळा-करडा. त्यावर काळी, राखाडी, गडद निळी साडी विरून जाते. आईंना हळदी, कुंकवाचा लाल किंवा पोपटी नेसायला सांगा. बाबांना साधा पांढरा सदरा. सगळ्यांनी एकसारखे कपडे घालायची मुळीच गरज नाही, मुलांना त्यांचं त्यांचं घालू द्या.

सह्यभटक:
सकाळचं पटलं. मग दुपारी परत या आणि डोंगरावरून खालचं देऊळ काढा. वाटेवर जाऊ देतात की नाही ते आधी पहारेकऱ्याला विचारा, आणि कठड्यापलीकडे पाऊल नको, मुलं बरोबर असतील तर हात धरूनच. आईंना खाली अंगणातच बसू दे. वरून त्यांची हळदी साडी एवढुशी दिसेल, पण देऊळ केवढं अवाढव्य आहे हे त्या ठिपक्यामुळेच कळेल. मुंगीएवढ्या माणसाचा उपयोग असा होतो.

१० नंबरसाठी: स्तूपासमोरचा बसलेला बुद्ध आणि वरच्या लाकडी वाशांसारख्या कोरलेल्या दगडी फासळ्या, दोन्ही एका फोटोत कोंबू नका. बुद्धासाठी १८ एमएम, एफ ३.५, आयएसओ ३२००, शटर १/१५. कोपर अंगाशी, अर्धा श्वास सोडून तीन-चार फोटो सलग, त्यातला एक स्थिर निघतोच. छतासाठी पिशवी जमिनीवर ठेवा, तिच्यावर कॅमेरा उताणा, दोन सेकंदांचा टायमर, आयएसओ ४०० आणि शटर दोन-तीन सेकंद. लोकांची वाट अडणार नाही अशी जागा बघा. खांबाला किंवा शिल्पाला टेकून हात स्थिर करायचा मोह कृपा करून टाळा. बाराशे-तेराशे वर्षं टिकलेला दगड आपल्या घामाने आणि घासण्याने झिजतो.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. आईसाठी पिवळी नारायणपेठ साडी काढून ठेवली. अजून एक विचारायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी अजिंठा जोडावं का? आणि छपाईला किती मोठा फोटो चालेल?

पन्नासएमएम:
छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरापासून अजिंठा शंभरेक किलोमीटर, वेरूळ तीस. एका दिवसात दोन्ही नकोच. वार बघून ठरवा: वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. अजिंठ्याला पायऱ्या आहेत, पण डोलीवाले मिळतात. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, मोबाइलचा आपोआप लागणारा फ्लॅशही गाडीतच बंद करून ठेवा. वेरूळला आईंना जैन लेणी बघायची असतील तर ३० ते ३४ नंबर लांब आहेत, चालत नेऊ नका, वाहनाने जा.

छपाईचं म्हणाल तर २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० × ४००० ठिपके. इंचाला ३०० धरले तरी २० × १३ इंच निघतो, तेव्हा १८ × १२ निःशंक छापा. फक्त स्टुडिओवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवू नका, तो आकसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह न्या.

धागाकर्ती:
मग बुधवारी सकाळी वेरूळ, दुपारी परत कैलास, आणि गुरुवारी अजिंठा. बाबांना रावणाचं शिल्प तुम्ही सुचवलंत हे सांगितलं, तर ते आजच आईला पूर्ण कथा सांगायला बसले. मी म्हटलं, थोडी तिथल्यासाठी राखून ठेवा. आल्यावर इथेच फोटो टाकते, सेटिंगसकट.