पाळी गेल्यानंतरचा डाग आणि इस्ट्रोजेन

ताई, आईंची पाळी जाऊन चार वर्षं झाली, आता डाग दिसतोय आणि घरचे म्हणतात सोलापूरचं ऊन, उष्णता झाली असेल. सब्जा खुशाल द्या, पण आधी सोनोग्राफी करा. बहुतेकदा कारण साधंच निघतं, तरी पाळी गेल्यावरचा एक डागही तपासायचाच, कारण कधीकधी तो गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा असतो.

गर्भाशयाच्या अस्तराला इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढवतं, प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन आवरतं. पाळी गेली की अंडाशय थंडावतात, पण चरबीतलं अरोमाटेझ नावाचं एन्झाइम इस्ट्रोजेन बनवतच राहतं. आवरणारं मात्र कुणी उरत नाही. म्हणून वजन इथं फार महत्त्वाचं. आमच्या शेजारच्या काकू दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. शुगर, बीपी, वजन, सगळंच होतं. अस्तर ११ मिमी भरलं. अशा वयात रक्तस्राव असून ४ मिमीच्या वर गेलं की अस्तराचा तुकडा काढून तपासतात. त्यांचं नुसतं जाड अस्तर निघालं, प्रोजेस्टेरॉनवर भागलं.

पीसीओएस (अंडाशयांचा हार्मोनचा त्रास) असलेल्या मुलींचंही तेच: महिनोन्महिने पाळी नाही, म्हणजे बहुधा बीजच सुटत नाही, मग प्रोजेस्टेरॉन कुठून येणार?

आणि वरच्या प्रतिक्रियांत कुणीतरी ‘हार्मोनच्या गोळ्या म्हणजे कॅन्सर’ असं ठोकून दिलंय. अर्धवट आहे ते. नुसत्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हे १९७५ मध्येच अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं. तेव्हापासून गर्भाशय असलेल्या बाईला सोबत प्रोजेस्टेरॉन देतात. दोन्ही हार्मोन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी तर हा धोका कमीच होतो. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमोक्सिफेन ही गोळी (ती अस्तरावर इस्ट्रोजेनसारखी वागते) घेणाऱ्यांनी मात्र डाग दिसला तर डॉक्टरांना लगेच सांगावं, गोळी मनानं बंद करू नये.