मदत हवी आहे : जुन्या सिएराची मागची काच काढण्याबद्दल

माझ्याकडे टाटा सिएरा आहे, १९९१ साली आलेलं तीन दारांचं जुनं मॉडेल. छतापर्यंत वळत गेलेल्या मागच्या बाजूच्या काचेचं रबर कडक होऊन तडकलंय. पावसात पाणी आत झिरपतं, खालच्या कडेला पत्र्यावर रंगाचे फुगे आलेत. गंज साफ करायला काच बाहेर काढावीच लागेल.

अडचण तिथेच आहे. काच टफन्ड आहे, कोपऱ्यात जोर बसला तर चुरा होईल आणि दुसरी मिळणार नाही. नाना पेठ आणि जुना बाजार पालथा घातला, भोसरीत एका काचवाल्याला विचारलं; तो म्हणाला, एका नगासाठी साचा परवडत नाही. वरून सिलिकॉन भरून पाहिलं, पहिल्याच पावसात सुटलं. अॅक्रिलिकची काच नको, ओरखडे पडतात आणि आरटीओच्या फिटनेस तपासणीत अडेल अशी भीती आहे. विकायची नाही. बजेट माफक, पण घाई नाही.

'दुर्मिळ गाडी, झाकून ठेवा' हा सल्ला कृपया नको. शेजारचे काका चेतक बिनधास्त दामटतात, कारण ती लाखोंनी बनली, पार्ट कुठेही मिळतो. मलाही ताम्हिणीला जायचंय, दगड उडेल म्हणून श्वास रोखून नाही.

पुणे-पिंपरीत ही काच न फोडता काढून बसवणारा कारागीर कोणाच्या माहितीत आहे का? रबर आतून कापायचं की गरम करून सोडवायचं? आणि चार-पाच सिएरावाले एकत्र आले तर साचा करून देणारं कोणी आहे का?