"टार्गेट ऑडियन्स: १५ ते २५" म्हणजे नक्की कोण? (त्या विद्यार्थी थ्रिलरच्या निमित्ताने)

खिडकीजवळ:
काल एका विद्यार्थी ग्रुपने त्यांच्या थ्रिलरची ओपनिंग, म्हणजे फिल्मची सुरुवात, टाकली होती, सव्वादोन मिनिटांची, आणि खाली त्यांनीच लिहिलेलं मूल्यमापन. तिथेच प्रतिसाद द्यायला बसलो पण तो एवढा लांबला की वेगळा धागाच काढतोय.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मुलगी रात्री घरी येते, कुलूप उघडते, दिवा लावते. दाराशी एकच जोडी बूट, म्हणजे एकटी राहते. टेबलावर पाण्याचा ग्लास आहे, अर्धा भरलेला, आणि त्याच्या बाहेरच्या बाजूने एक थेंब अजून ओघळतोय. ती थेंबाकडे बघते. लगेच पुढच्या शॉटमध्ये हुडीवाला माणूस, हातात सुरी, भिंतीवर तिचे फोटो आणि लाल दोरे, ढुम्म करून संगीत, आणि टायटल.

आता मूल्यमापनातलं वाक्य. "आमचा टार्गेट ऑडियन्स १५ ते २५ वयोगटातील मुलं-मुली आहे. या वयोगटाला थ्रिलर आवडतात. वर्गात फॉर्म भरून घेतले, बहुतेकांना ओपनिंग आवडली, त्यामुळे आम्ही आमच्या प्रेक्षकांपर्यंत पोचलो."

मी चिडलो ते या वाक्यावर. पंधरा वर्षांचा मुलगा, ज्याच्या घरी बेल वाजवली की कोणीतरी दार उघडतं, आणि पंचवीस वर्षांची मुलगी, जी रोज रात्री स्वतःच्या किल्लीने कुलूप उघडून अंधाऱ्या घरात शिरते, हे दोघं तो थेंब सारखाच बघणार आहेत का? त्या मुलाला तो फक्त ग्लास दिसेल. तिच्या मात्र पोटात गोळा येईल, कारण "हा ग्लास मी सकाळी ठेवला होता का" हा प्रश्न तिने खऱ्या आयुष्यात स्वतःला विचारलेला असतो. म्हणजे तुमच्या फिल्मने स्वतःचा प्रेक्षक शोधला होता हो! एकटं राहणारा, रात्री स्वतः कुलूप उघडणारा माणूस. वय कुठलंही असो. आणि तो सापडल्यावर पाच सेकंदात तुम्ही त्याच्यावर हुडीवाला फेकला, कारण त्याला कळेल यावर तुमचा भरवसा नव्हता.

आणि वर्गातल्या फॉर्मचं तर बोलायलाच नको. वर्गमित्रांना ती मुलगी माहीत आहे, ते घर माहीत आहे, हुडी कोणाची आहे तेही माहीत आहे. ते तुमच्या युनिटचेच लोक झाले.

खडू-फळा:
मी हा विषय शिकवतो, म्हणून बोलणं भाग आहे. तुम्ही जे लिहिलंय ते वाचायला छान आहे पण परीक्षेत प्रश्न असतो "तुमचा प्रेक्षक कोण आणि त्याला कसं आकर्षित केलंत". तिथे वय, लिंग, आवडीनिवडी, मुख्य प्रेक्षक, दुय्यम प्रेक्षक हे लिहावंच लागतं. सतरा वर्षांच्या मुलाने "रात्री कुलूप उघडणारा माणूस" असं लिहिलं तर तपासणारा अर्धे मार्क कापेल.

शिवाय वय ही काही हवेतली गोष्ट नाही. सगळा धंदा त्यावर चालतो. कोणत्या वयाला कोणती फिल्म हे सांगणारी सर्टिफिकेटंच बघा: अमेरिकेत पीजी-१३ आलं १९८४ मध्ये, ब्रिटनमध्ये १२ए आलं २००२ मध्ये, भारतात यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तुकडे झाले २०२४ मध्ये. सुरी दाखवायची की सुरीची सावली दाखवायची हे वयावरूनच ठरतं. तेव्हा मुलांनी १५ लिहिलं तर त्यात चिडण्यासारखं काय आहे?

खिडकीजवळ:
सर, सर्टिफिकेट सांगतं कोणाला आत सोडायचं नाही. आत बसलेल्यांपैकी खुर्चीत पुढे कोण सरकणार ते त्यातून कसं कळणार? मुलांनी दोन्ही गोष्टी एकच समजल्यात, आणि तुमच्या बोलण्यावरून वाटतंय की तसंच शिकवलं जातंय.

खडू-फळा:
कसं शिकवलं जातं ते बाहेर बसून ठरवू नका. एका वर्गात किती मुलं असतात आणि प्रत्येक ग्रुपला किती वेळ देता येतो याची कल्पना आहे का तुम्हाला?

बूमवाला:
तुम्ही दोघं वयावर भांडताय आणि खरा घोळ कोणाच्या लक्षातच आला नाही. आवाज! सगळी फिल्म कॅमेऱ्याच्या माइकवर रेकॉर्ड केलीये आणि ऑटो गेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोय, चालू ठेवलीये. कानाला हेडफोन लावून ऐका, ती शांत उभी राहते तेव्हा मागचा सूं आवाज हळूहळू चढतो, किल्ली टेबलावर पडली की खाडकन उतरतो, परत चढतो. ग्लासच्या शॉटला घर शांत पाहिजे, तिथे घर धापा टाकतंय.

यावर उपाय काय, तर सगळ्यांना गप्प उभं करायचं आणि त्याच खोलीचा रिकामा आवाज अर्धा-एक मिनिट रेकॉर्ड करून ठेवायचा, एडिटला तो खाली पसरायचा. कोणी करत नाही. मी कॉलेजात असताना चार विद्यार्थी फिल्म्सना बूम (लांब काठीवरचा माइक) धरला, एकाही दिग्दर्शकाने ते अर्धं मिनिट दिलं नाही, "चल चल लाइट जातोय". मग एडिटला बसले की इंटरनेटवरून फुकटातलं "सस्पेन्स" नावाचं संगीत उचलायचं आणि सगळ्या चुकांवर फासायचं. इथेही तेच झालंय.

उलटतपासणी:
असहमत. संगीताशिवाय थ्रिलर हा हल्ली फॅशनचा मुद्दा झालाय. दिग्दर्शक हिचकॉकला त्याच्या सायको या फिल्ममधल्या (१९६०) शॉवरच्या सीनला संगीत नकोच होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने त्या व्हायोलिन्स लिहून ऐकवल्या तेव्हा त्याने मत बदललं. आज तो सीन त्या व्हायोलिन्सशिवाय आठवून दाखवा. मुलांनी संगीत वापरलं यात गैर काय आहे?

बूमवाला:
हरमनने त्या सीनसाठी लिहिलं होतं, डाउनलोड केलं नव्हतं! आणि त्याच हिचकॉकने तीन वर्षांनी द बर्ड्समध्ये नेहमीचं पार्श्वसंगीत ठेवलंच नाही, पक्ष्यांचे आवाज वाद्यावर तयार करून घेतले, आणि त्या कामाला सल्लागार कोण होता, तर हाच हरमन. म्हणजे संगीत कुठे नको हेसुद्धा संगीतकारालाच कळलं होतं. मी संगीताच्या विरोधात नाही, मी फासण्याच्या विरोधात आहे.

उलटतपासणी:
दोघंही मोठ्या स्टुडिओतले लोक होते. इथे शाळकरी पोरं आहेत, त्यांच्याकडे संगीतकार नाही, माइक नाही. तुम्ही घरी बसून हेडफोन लावून सूं शोधताय. प्रेक्षक फोनच्या स्पीकरवर बघतो हो, त्याला काही ऐकू येत नाही तुमचं ते सूं.

बूमवाला:
"प्रेक्षकाला कळत नाही" हे वाक्य ज्या दिवशी माणूस बोलायला लागतो त्या दिवशी त्याने काम सोडावं. त्याला सूं म्हणून सांगता येणार नाही, पण "काहीतरी नकली वाटतंय" एवढं प्रत्येकाला कळतं. आणि माइक नाही हे कारण देऊ नका, दुसरा फोन टॉवेलमध्ये गुंडाळून टेबलाखाली ठेवला असता तरी कॅमेऱ्याच्या माइकपेक्षा बरं झालं असतं. फ्रिज तरी बंद केला होता का? फ्रिज बंद करायचा आणि गाडीची किल्ली आत ठेवायची, म्हणजे निघताना फ्रिज परत चालू करायचं विसरत नाही. हे कोणी शिकवत नाही.

खडू-फळा:
आता आवाजाचा दोषही आमच्याच माथी मारा.

दोघांची आई:
माझा प्रश्न वेगळाच आहे. परत मुलगीच का? एकटी मुलगी, रात्र, मागे पुरुष. माझी मुलगी सोळाची आहे, म्हणजे तुमच्या त्या १५ ते २५ मध्ये बरोब्बर बसते. तिला दाखवली. हुडीवाला आला तेव्हा तिने फोनकडे बघायला सुरुवात केली, म्हणाली "आई, परत तेच". पण रात्री झोपायला जाताना टेबलावर एक ग्लास होता, तो तिने उचलला, पाणी ओतून टाकलं आणि पालथा घालून ठेवला. मी काही बोलले नाही. ती असं कधी करत नाही.

म्हणजे खिडकीजवळ म्हणतात ते मला पटतंय, ग्लास पोचला, हुडी नाही पोचली. पण ती मुलगी फक्त घाबरायला तिथे उभी आहे हे मला अजिबात पटलेलं नाही, आणि त्यावर इथे एकाही पुरुषाने एक ओळ लिहिलेली नाही.

कटपेस्ट:
नमस्कार, मी त्या ग्रुपमधला एडिटर. सगळं वाचलं. खरं सांगायचं तर पहिली पोस्ट वाचून खूप राग आला होता, अजूनही थोडा आहे, कारण तुम्ही सगळे जे पाच सेकंदात उडवताय त्याला आमचे तीन दिवस गेलेत. त्या थेंबाचे अकरा टेक आहेत. साधं पाणी थांबतच नाही, पटकन सरकून जातं, मग ग्लिसरीन मिसळलं तेव्हा तो हवा तसा हळू ओघळला.

हुडीवाला आधी नव्हताच. रफ कट, म्हणजे कच्चं एडिट, वर्गात दाखवला तेव्हा तिघं-चौघं म्हणाले थ्रिलर आहे हे कळतच नाही. आम्ही घाबरलो, कारण थ्रिलरची ओळखीची चिन्हं दिसली पाहिजेत हे मार्कांमध्ये आहे. म्हणून शेवटच्या दिवशी हुडी, सुरी आणि लाल दोरे शूट केले. संगीत डाउनलोड केलंय हे खरं आहे. फ्रिज बंद केला नव्हता.

ताई, मुलगीच का, याचं उत्तर असं की ग्रुपमध्ये तीच एकटी अभिनय करायला तयार होती. हे उत्तर पुरेसं नाही हे मला कळतंय.

खिडकीजवळ:
अकरा टेकबद्दल मनापासून शाबासकी, आणि तो शॉट मी विसरणार नाही. पण बघा, तुम्हाला हुडी घालायला कोणी लावलं? वर्गाने. "कळत नाही" म्हणणारे वर्गमित्र हे तुमचे प्रेक्षक आहेत असं तुम्ही धरून चाललात.

मीही हेच केलं होतं म्हणून सांगतो. कॉलेजात माझी एक लहान फिल्म होती, म्हातारा माणूस बंद दाराबाहेर उभा राहून ऐकतोय, एवढीच. मित्रांना दाखवली, सगळे गप्प बसले, मला वाटलं जिंकलो. मग अनोळखी लोकांनी भरलेल्या हॉलमध्ये लावली आणि दार करकरलं तेव्हा हॉल हसला. सगळा हॉल. मित्र गप्प बसले होते ते माझ्यासाठी. ते हसणं मला अजून ऐकू येतं, आणि त्या दिवसापासून ओळखीच्या माणसाने दिलेलं मत मी मोजत नाही.

हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण तुम्हाला शिकवलंच असेल. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो, तो तिथे आहे हे आधीपासून माहीत असेल तर पंधरा मिनिटं श्वास रोखून बसतो. तुमचा थेंब हा टेबलाखालचा बॉम्ब होता. हुडीवाला दाखवून तुम्ही तो स्वतःच फोडलात.

उलटतपासणी:
उदाहरण उलटं लागू होतं की! हिचकॉक म्हणतो प्रेक्षकाला माहिती द्या. हुडीवाला दाखवला म्हणजे माहितीच दिली ना, की घरात कोणीतरी आहे.

खिडकीजवळ:
घरात कोणीतरी येऊन गेलंय ही माहिती थेंबाने दिलीच होती. हुडीने वेगळं काय सांगितलं? भिंतीवर फोटो आणि लाल दोरे, तेही त्याच्या घरात. आपण तिच्या खोलीतूनच बाहेर पडलो.

उलटतपासणी:
बरं, खोलीतून बाहेर पडलो हे मान्य. दुसरीकडे कट करायला नको होता. संगीताबद्दलचं माझं मत तेच आहे.

खडू-फळा:
मुलांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक. आणि एक मान्य करतो, जरा जडच जातंय, की "थ्रिलरची चिन्हं दाखवा" हे आम्ही इतक्या वेळा फळ्यावर लिहितो की मुलं ती यादी घेऊनच शूटिंगला जातात. पण वय लिहायचं नाही हे मात्र मी वर्गात सांगणार नाही.

कटपेस्ट:
एक सांगायचं होतं. काल रात्री मी हुडीच्या आधीच कापून, संगीत काढून, शेजारच्या काकूंना दाखवली. त्या एकट्या राहतात, वय ६२. टीव्हीवर मालिका बघतात, थ्रिलर अजिबात बघत नाहीत. बघून झाल्यावर काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या परत लाव. दुसऱ्यांदा बघून विचारलं, "तो ग्लास तिचाच आहे ना रे?"

उलटतपासणी:
एका काकूंवरून काही सिद्ध होत नाही. हुडीवालं व्हर्जनही त्यांना आधी न सांगता दाखवायला हवं होतं.

दोघांची आई:
काकूंनी विचारलं ते मलाही विचारायचंय. आणि ती मुलगी पुढे काय करते? नुसती बघत उभी राहते का?

कटपेस्ट:
नाही ताई, एक शॉट अजून होता. ती कपाट उघडते आणि आतले ग्लास मोजते. सेट सहाचा आहे. सहाच्या सहा आत असतात.
लांब वाटला म्हणून कापला.

दोघांची आई:
कापला?? अरे, तो आधी परत घाल.