फुप्फुसाच्या आवरणावर गाठ: सीटी स्कॅनवरून निदान पक्के होते का?

प्रश्न (लातूर): वडिलांच्या छातीतील पाणी काढले, त्यात क्षयाचे जंतू सापडले नाहीत. सीटीच्या अहवालात आवरण जाड व गाठाळ असल्याचे सांगून मेसोथेलिओमाची (फुप्फुसाच्या आवरणातच सुरू होणाऱ्या कर्करोगाची) शंका नोंदवली आहे. त्यांनी अनेक वर्षे अॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे कापण्याचे काम केले आहे. केवळ स्कॅनवर विसंबावे का?

उत्तर १ (छत्रपती संभाजीनगर): नाही. जाडी 1 सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे, तिने फुप्फुसाला सर्व बाजूंनी वेढणे आणि आवरणाची हृदयाकडील बाजूही त्यात सापडणे या खुणा कर्करोगाकडे बोट दाखवतात. क्षयात ती बाजू बहुधा सुटते. तथापि मेसोथेलिओमा आणि अन्य अवयवातून आवरणावर पसरलेला कर्करोग स्कॅनवर अगदी सारखे दिसू शकतात, म्हणून सोनोग्राफी किंवा सीटीच्या आधाराने, अथवा दुर्बिणीतून, तुकडा घेऊन तपासणे अटळ आहे. पाण्यात कर्करोगाच्या पेशी न मिळाल्याने आजार नाही असे ठरत नाही. पत्र्यांच्या कामाची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी. धुळीचा संपर्क आणि हा आजार यांत अनेकदा 20 ते 40 वर्षे जातात.

उत्तर २ (नांदेड): पेट स्कॅनची (शरीरात जास्त साखर शोषणारे भाग उजळून दाखवणाऱ्या तपासणीची) घाई नको. क्षयाची सूजही त्यावर उजळते, आणि पाणी पुन्हा साचू नये म्हणून छातीत टाल्क पावडर सोडली असल्यास ती जागाही. आपल्या भागात क्षय डोळ्याआड करून चालत नाही. तुकडा कोठून घ्यावा आणि आजार अन्यत्र पसरला आहे का, हे पाहण्यास मात्र पेट स्कॅन उपयोगी आहे.

उत्तर ३ (बीड): एक पुरवणी. गाठ एकटीच, गुळगुळीत काठाची आणि देठावर असेल, कूस बदलताच सरकत असेल, तर सॉलिटरी फायब्रस ट्यूमरचा (आवरणावरील एका वेगळ्या, बहुधा सौम्य गाठीचा) विचार होतो. त्याचा अॅस्बेस्टॉसशी संबंध आढळलेला नाही. आपण दिलेले वर्णन मात्र तसे वाटत नाही.