वसई किल्ल्यातलं गवत काढणारे ‘पोर्तुगीजधार्जिणे’?

गिरिजकर
सह्यपुत्र यांची कालची पोस्ट वाचली. किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये रविवारी गवत काढणाऱ्या पोरांचा फोटो, आणि वर लिहिलंय की ‘परकीयांची थडगी पुसणारे हे पोर्तुगीजधार्जिणे, उद्या तिथे पुन्हा चर्च भरवतील आणि चिमाजीअप्पांचा विजय पुसून टाकतील.’ एरवी सोडून दिलं असतं. पण त्या फोटोत माझा भाचा आहे. त्याच्या हातात कोयता आहे, पोर्तुगालचा झेंडा नाही.

मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला जिंकला आणि पोर्तुगीज गलबतांत बसून गेले. आम्ही वसईचे ख्रिस्ती गेलो नाही, कारण आम्ही कुठून आलोच नव्हतो. सामवेदी, वाडवळ, कोळी, जे काही होतो ते इथलेच. देव बदलला होता, आणि तो राजीखुशीने बदलला की जबरदस्तीने, यावर आमच्या घरातही अजून एकमत नाही. पण किल्ल्यातले ते दगड वाहायला, चुना मळायला लिस्बनहून माणसं आली नव्हती एवढं नक्की.

आता मागणं काय आहे तेही ऐका. भिंतींच्या माथ्यावर पिंपळ फुटलेत ते काढा. पावसाचं पाणी भिंतीत मुरतंय ते थांबवा. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत जी कोरीव थडगी आहेत त्यांच्यावरून लोक बूट घालून फिरतात, लग्नाआधीचे फोटो काढणारे त्यावर घागरे पसरतात, ती वाट बाजूने वळवा. यात चिमाजीअप्पांचा विजय कुठे पुसला जातो? उलट भिंती पडल्या तर अप्पांनी जिंकलं काय ते दाखवायला तरी काय उरणार?

सह्यपुत्र
फोटो सार्वजनिक होता, भाचा कुणाचा हे त्यावर लिहिलेलं नव्हतं.

मुद्दा सोडू नका. निर्मळचं विमलेश्वराचं देऊळ कुणी पाडलं? गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्म नीट पाळत नाही म्हणून शिक्षा देणारं चर्चचं न्यायासन, १५६० ते १८१२, मधली चार वर्षं सोडली तर अखंड चाललं, ते कुणाच्या आशीर्वादाने? त्या चर्चच्या जमिनीखाली फिदाल्गो, म्हणजे पोर्तुगीज सरदार, झोपलेत, तुमचे पणजोबा नाहीत. त्यांच्या उशाचं गवत उपटायची एवढी हौस असेल तर आमच्या गावच्या बारवेवर या. पायऱ्या ढासळल्यात. एका सरकारी कार्यालयात अर्ज देऊन देऊन माझे केस पिकले, दरवेळी टेबलापलीकडचा माणूस नवा. तिथे कुणी कोयता घेऊन येत नाही, फोटोही निघत नाहीत.

बावखल
सह्यपुत्र, इन्क्विझिशनचं नाव घेता तर पुढचंही वाचा. त्या न्यायासनासमोर उभे केलेल्यांत बहुसंख्य बाटवलेले लोकच होते. घरात तुळस ठेवली, लग्नात जुनी रीत पाळली, एवढ्यावरून. म्हणजे ज्यांनी सोसलं त्यांच्याच नातवंडांना तुम्ही आज छळणाऱ्यांच्या रांगेत बसवताय. छान न्याय आहे.

बारवेचं मात्र पटलं. पत्ता द्या, खरंच येतो. (फोटो काढणार, आधीच सांगतो.)

रमेदीची मेरीमावशी
गिरिजकर बाळा, तू गवतावर का थांबतोस? मला तर छप्पर हवंय. संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईत जन्मला, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर गेला, १८६२ मध्ये संत झाला. भारतात जन्मलेला पहिला संत! आणि लोक ज्याला त्याचं चर्च म्हणतात त्या जेझुइटांच्या चर्चवर आभाळ. माझी आई सणाला आम्हाला घेऊन जायची, चटई आणि केळ्यांची सुकेळी बरोबर. म्हातारी माणसं उन्हात गुडघे टेकायची. अंधेरीला सीप्झ औद्योगिक वसाहतीच्या आत ते सेंट जॉन बाप्टिस्टचं पडकं चर्च आहे, १५७९ चं, साथीनंतर १८४० मध्ये सोडलेलं. तिथेही लोकांना मे महिन्यात एकदाच मिस्सेला, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेला, जाता येतं. बाकी वर्षभर कुंपण. आपण किती पिढ्या फक्त गवतच काढायचं?

सह्यपुत्र
पाहा. मी म्हटलं तेच निघालं. ‘उद्या चर्च भरवतील.’ मावशी, सरळ बोलल्याबद्दल आभार.

चुनखडी
मावशींचा मान राखून सांगतो, छप्पर विसरा. किल्ला केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचा संरक्षित आहे, १९५८ चा कायदा लागू. ताब्यात घेताना जिथे पूजाअर्चा चालू होती तिथेच ती चालू राहते, बंद पडलेली पुन्हा सुरू करायची नाही हे खात्याचं धोरण आहे, मग ते देऊळ असो, मशीद असो की चर्च. आणि भाच्याला सांगा, परवानगीचा कागद नसेल तर त्या वास्तूत कोयताही चालवता येत नाही.

पण माझं खरं भांडण दोन्ही बाजूंशी आहे. तुमच्यातलं कुणीही जिंकलं तरी शेवटी सिमेंटचं पोतं येणार. देशावर एका वाड्याच्या कामावर होतो. चुना, गूळ, बेलफळाचं पाणी, सगळं नीट चाललेलं. मी आठवडाभर गावी गेलो, परत येतो तर कंत्राटदाराने दर्शनी भिंतीचे सगळे सांधे सिमेंटने भरून वर रेघा मारलेल्या. ‘साहेब, मजबूत केलं.’ भिंतीतला ओलावा चुन्यातून बाहेर पडतो. सिमेंटने तो कोंडला की क्षार दगडात साचतात, आणि दोन-चार पावसाळ्यांनी सिमेंट जागच्या जागी राहून दगडाचाच पापुद्रा सुटतो. ते मी डोळ्यांनी पाहिलंय, हाताने सोललंय. त्यापेक्षा तुमचं गवत परवडलं.

आगाशीवाला
चुनखडी बोलले म्हणून मलाही बोलू द्या, जरा घरचं उणं काढतो. किल्ल्यातल्या फिदाल्गोंच्या शिळांसाठी गळे काढणाऱ्या आपल्या समाजाने गावातल्या सिमेटऱ्यांचं, म्हणजे दफनभूमींचं, काय केलंय? माझ्या आजाच्या डोक्याशी काळ्या दगडाचा क्रूस होता, टाकीने घडवलेला, मोडी वळणाच्या मराठीत नाव. नूतनीकरण निघालं. वर्गणी आम्हीच दिली. पुढच्या वर्षी सर्व आत्म्यांच्या दिवशी मेणबत्ती घेऊन गेलो तर सगळीकडे पेव्हर ब्लॉक आणि चकचकीत ग्रॅनाइट. क्रूस कुठे? भरावात गेला म्हणे. जागा कमी आहे, थडगी पुन्हा उकरावी लागतात, हे मलाही कळतं. पण दगड भरावात? किल्ल्यात जपणूक आणि गावात जेसीबी!

गिरिजकर
आगाशीवाला, हे खरं आहे आणि झोंबलं. पण म्हणून किल्लाही भरावात घालायचा का?

नाशिकचा नाना
मंडळी, एवढी जपणुकीची भाषा चाललीय तर एक शंका. आमच्या गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात जी घंटा आहे तीही परत मागणार का? वसईच्या विजयातली ती.

बावखल
नाना, तुम्ही गमतीत विचारलंत, मी गंभीरपणे उत्तर देतो. होय, मागायला काय हरकत आहे? तिच्यावर १७२१ साल ओतलेलं आहे. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९. मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर आहे तीही त्याच लढाईतली. चर्च भग्न आणि त्यांचा आवाज सह्याद्रीत वाटलेला. निदान एक तरी परत यावी.

सह्यपुत्र
अरे वा, आता भीमाशंकरला हात! ज्योतिर्लिंगाच्या दारातली घंटा काढून देऊ म्हणता? ती भीक मागून आणलेली नाही, रक्त सांडून आणलेली आहे. [संपादक: पुढचं वाक्य काढलं आहे. जातीधर्मावरून शिवी दिसली तर धागा बंद करू.]

बावखल
काढलेलं वाक्य मी वाचलं होतं. ‘राजीखुशीने की जबरदस्तीने’ यावर गिरिजकर वर लिहितात, आणि तुम्ही आम्हाला तोच एक शब्द पुन्हा ऐकवता. अप्पा असते तर तुम्हाला उभं केलं नसतं. शरणागतीच्या तहात इथे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्म पाळायची मोकळीक त्यांनी दिली होती. विजयी सेनापतीला जेवढं कळलं तेवढं पावणेतीनशेहून जास्त वर्षांनी कीबोर्डवर बसलेल्याला कळू नये!

पणजीची पोर
घंटांवरून एवढं पेटलात म्हणून सांगते. आमच्या पणजीच्या चर्चची मोठी घंटा मुळात जुन्या गोव्याच्या सेंट ऑगस्टिनची. चर्च ओस पडल्यावर ती आधी आग्वादच्या दीपस्तंभावर गेली, मग १८७१ मध्ये पणजीत. तिला तर कुणा मराठ्याने हात लावला नव्हता. चर्च ओस पडलं की घंटा चालू लागते, ती जिथे माणसं असतात तिथे जाते.

आणि मेरीमावशी, त्याच सेंट ऑगस्टिनकडे पाहा. १८३५ मध्ये मठ बंद, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये मनोऱ्याचा दर्शनी भाग पडला. कुणी छप्पर घातलं नाही, पडकं म्हणूनच राखलं. म्हणून तर तिथे खोदता आलं, जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या अस्थी सापडल्या, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए जुळला आणि २०२१ मध्ये त्या जॉर्जियाला देता आल्या. वर फरशी बसवून खुर्च्या मांडल्या असत्या तर?

रमेदीची मेरीमावशी
तुमच्या राणीला प्रणाम. माझे गुडघे मात्र माझेच आहेत.

(बरं, छप्पर नको. पण सणाच्या दिवशी मांडव तरी घालू द्या की नाही?)

नाशिकचा नाना
पणजीच्या पोरीने माझं काम केलं. माझे आजोबा त्या घंटेखालून जाताना हात वर करायचे. पोचायचा नाही, तरी करायचे. ती पोर्तुगिजांची आहे हे त्यांना ठाऊक होतं, आम्हाला तेच सांगायचे. नाशकात आहे म्हणून ती वाचली, वसईत राहिली असती तर एकोणिसाव्या शतकात कुणीतरी वितळवून विकली असती. देत नाही, जा.

बावखल
हे ‘आमच्याकडे आहे म्हणून वाचली’ कोहिनूरवाले पण म्हणतात, नाना. तुम्ही त्यांच्या शेजारी बसताय, बघा बुवा.

नाशिकचा नाना
कोहिनूर कुलपात आहे. ही घंटा रस्त्यावरून दिसते, फुकट. वसईकरांनी नाशकात यावं, दाखवतो, वर मिसळ खाऊ घालतो. याहून जास्त माझ्याने होणार नाही.

चुनखडी
घंटा पुरे. थडग्यांकडे जाणाऱ्या सगळ्यांना हात जोडून: अक्षरं वाचायला त्यात खडू, हळद, पीठ चोळू नका. गेल्या खेपेला एका शिळेच्या खाचांत गुलाल होता! वरची ढाल आणि शिरस्त्राण कोरलेलं, खाली ‘सेपुल्तुरा’ (थडगं) एवढंच धड उरलंय, आणि त्यावर गुलाल. तारेचा ब्रश तर मुळीच नको. सकाळी लवकर जा, तिरप्या उन्हात अक्षरं आपोआप वर येतात. नाहीतर संध्याकाळी बॅटरी जमिनीला आडवी धरा. डॉ. जर्सन द कुन्हा यांनी १८७६ च्या पुस्तकात यातले बरेच लेख उतरवून ठेवलेत, ते शेजारी ठेवून पाहा म्हणजे दीडशे वर्षांत किती झिजलं ते कळेल. बहुतेकांवर ‘हे अमक्याचं आणि त्याच्या वारसांचं’ असंच आहे. वारस कोण, यावर तुम्ही वर भांडलातच.

सह्यपुत्र
संपादकांनी वाक्य काढलं, ठीक. घंटेबद्दल एक शब्द मागे घेत नाही. पिंपळ काढायला माझी ना नाही, भिंत अप्पांनी जिंकलेली आहे, ती राहिली पाहिजे. पण मग किल्ल्यातल्या नागेश्वराच्या आवारातलं गवतही त्याच रविवारी काढून दाखवा. तेव्हा मानेन.

गिरिजकर
काढतो की. भाचा तिथे दर श्रावणात मित्रांबरोबर जातो, त्याला वाट ठाऊक आहे. तुम्हीही या, पोस्ट टाकायला दोन्ही हात लागत नाहीत, एका हातात विळा मावेल. कोवळे पिंपळ तर हातानेच उपटून येतील.

चुनखडी
उपटू नका!! मूळ सांध्यात चार-चार हात गेलेलं असतं, ओढलंत की दगड बरोबर खाली येतो, आणि खाली तुमचा भाचा उभा असतो. बुंधा कापायचा, कापल्या जागी औषध भरायचं, मूळ आत मरू द्यायचं, मग सांधा चुन्याने बंद. आणि हे खात्याच्या माणसाने करायचं, तुम्ही नव्हे. तुम्ही आधी दोघांच्या सहीचा एकच अर्ज करा. मसुदा मी देतो.

सह्यपुत्र
दोघांच्या सहीचा? माझं नाव आधी येणार असेल तर बघू.