हेल्पला गेलेल्याचा माणूस मोकळा सुटतो: बास्केटबॉल खेळणाऱ्यांचे अनुभव

२०२३ च्या एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेऱ्यांमध्ये, मिलवॉकी बक्स पहिल्याच फेरीत गारद झाले. ईस्टर्न कॉन्फरन्समध्ये (लीगच्या दोन गटांपैकी एक) पहिला नंबर पटकावलेली टीम, समोर आठव्या नंबरची मायामी हीट, आणि निकाल ४-१. शेवटच्या मॅचनंतर बक्सचा स्टार यानिस आंतेतोकुंपोला विचारलं गेलं, हा सीझन अपयशी म्हणायचा का? त्याला तो प्रश्न लागला. मायकेल जॉर्डन पंधरा वर्षं खेळला, सहा वेळा जिंकला, मग उरलेली नऊ वर्षं अपयशच का, असा त्याचा उलट सवाल होता.

मला ते उत्तर मनापासून पटलं. तरी त्या मॅचचे आकडे डोक्यातून जात नाहीत. ओव्हरटाइममध्ये (बरोबरीनंतरचा जादा वेळ) १२८-१२६, आणि यानिसचे २३ पैकी १०च फ्री थ्रो (फाउलनंतर कुणी न अडवता टाकायचे थ्रो) बसलेले. दोन पॉइंटने गेलेली मॅच, तेरा हुकलेले थ्रो. याच माणसाने २०२१ च्या फायनलमध्ये सहाव्या मॅचला १९ पैकी १७ बसवले होते, ५० पॉइंट करून ट्रॉफी आणली होती. आणि २०२३ च्या त्या रात्रीही त्याचे ३८ पॉइंट आणि २० रिबाउंड (हुकलेल्या थ्रोचा बॉल पकडणं) नसते तर मॅच ओव्हरटाइमपर्यंत पोचलीच नसती.

मग हरल्यावर आपल्या वाट्याचं नेमकं किती, हे कसं ओळखायचं? ज्यांनी टीममधून खेळलंय, शाळेकडून असो की करारावर, त्यांनी लिहा. सविस्तर लिहा.

पॉइंट गार्ड

मी सहा सीझन करारावर खेळले, पॉइंट गार्ड म्हणून, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ रचणारी. मला याचं उत्तर एका व्हिडिओ सेशनमध्ये मिळालं.

आदल्या दिवशी आम्ही हरलो होतो. शेवटच्या मिनिटात उजव्या कोपऱ्यातून तीन पॉइंटची बास्केट बसली आणि तो कोपरा ज्या मुलीचा होता ती रात्रभर रडली. आम्ही सगळ्यांनी तिला धीर दिला, मीही दिला. सकाळी सरांनी ती क्लिप लावली आणि थ्रोच्या चार सेकंद आधी थांबवली. स्क्रीनवर मी होते. एकही शब्द न बोलता त्यांनी माझ्या पायांवर बोट ठेवलं. टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे सरळ.

पुढचं सगळं तिथूनच घडलं होतं. माझ्यासमोरची पहिल्याच ड्रिबलला मला मागे टाकून गेली. आमची सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारी, हेल्पला आली, माझ्याऐवजी तिला अडवायला; म्हणून सेंटरची माणूस, म्हणजे तिने धरायची समोरची खेळाडू, बास्केटखाली मोकळी. तिला धरायला कोपऱ्यातली आत उतरली, म्हणून कोपरा मोकळा. दोघींनीही अगदी बरोबर केलं होतं. चुकले होते मी, आणि बास्केट मात्र तिसऱ्याच मुलीच्या डोक्यावर बसली. त्याहून वाईट म्हणजे मी तिला रात्री समजावत होते की ‘होतं असं कधीकधी’.

त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. माझा माणूस सुटला की पुढे काहीही होवो, बास्केट बसो वा न बसो, हात वर करून ‘माझा!’ म्हणायचं. परत धावतानाच, मोठ्याने. टाइमआउटची वाट बघायची नाही.

लो पोस्ट

वरचं वाचून अंगावर काटा आला. मी सेंटर, म्हणजे हेल्पला जाणारा तो मीच.

माझी चूक वेगळी होती. एका सीझनला मला रिबाउंडच्या आकड्याचं वेड लागलं. शॉट उडाला की समोरच्याला पाठीने अडवून धरायचं, म्हणजे बॉक्स आउट करायचं, सोडून मी थेट बॉलवर झेप घ्यायचो. माझे आकडे वाढले. पण ज्या बॉलला माझा हात पोचत नसे, तो माझ्या मागे मोकळ्या राहिलेल्याच्या हातात जायचा. समोरच्यांना ऑफेन्सिव्ह रिबाउंड, म्हणजे त्यांच्याच हुकलेल्या थ्रोचा बॉल, मिळाला की शॉट क्लॉक (थ्रो टाकायला मिळणारा वेळ) पुन्हा १४ सेकंदांवर, आणि दमलेल्या पाच जणांनी डिफेन्सला पुन्हा उभं राहायचं. स्टॅट शीटवर बॉक्स आउटचा रकाना नसतो, त्यामुळे हे कुणाला दिसत नव्हतं. आमच्या फॉरवर्डला दिसलं. तो एवढंच म्हणाला, ‘भावा, तुझा बॉल नको, तुझा माणूस धर.’

२०१३ च्या एनबीए फायनलची सहावी मॅच, सॅन अँटोनिओ विरुद्ध मायामी, मी आजही पूर्ण बघू शकत नाही. सॅन अँटोनिओ तीन पॉइंटने पुढे, मायामीच्या लेब्रॉन जेम्सचा थ्रो हुकलेला, सॅन अँटोनिओचा उंच खेळाडू टिम डंकन त्या वेळी बेंचवर. रिबाउंड मायामीच्या क्रिस बॉशला, तिथून पास कोपऱ्यात रे ॲलनला, ५.२ सेकंद बाकी असताना बरोबरी. सॅन अँटोनिओची ती मॅच गेली, पुढची सातवीही गेली. पुढच्या वर्षी तीच टीम त्याच मायामीला ४-१ ने हरवून आली. त्या एका रिबाउंडचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडत बसले असते तर मला नाही वाटत ते परत उभे राहिले असते.

बेंचवरून

मला मॅचमध्ये मिळायची तीन-चार मिनिटं. माझ्याच जागेवर खेळणाऱ्या मुलाशी प्रॅक्टिसमध्ये मी जीव तोडून लढायचो, कारण मी ढिला पडलो तर मॅचमध्ये तो मार खाणार. तो सुरुवातीला वैतागायचा. नंतर मी नसलो की सरांना विचारायचा, आज हा कुठे आहे?

उजवा कोपरा

एक वेगळी बाजू मांडते, राग नसावा.

माझ्या पहिल्या टीममध्ये जबाबदारी या शब्दाची धास्ती होती. हरल्यावर सगळ्यांना उभं करून नाव घेऊन विचारायचे, ती बास्केट कुणावर बसली? काय झालं असेल ओळखा. महिन्याभरात आम्ही हेल्पला जाणंच सोडलं. शेजारणीचा माणूस आत घुसला तरी जो तो आपापल्या माणसाला चिकटून, कारण मदतीला गेलं आणि आपला माणूस सुटला तर नाव आपलं येणार. आम्ही आळशी नव्हतो, खेळावर जीव होता आमचा. पण मी माझ्या डोळ्यांसमोर लेअप (बास्केटजवळून टाकलेला सोपा थ्रो) बसताना बघितलाय आणि पाऊल उचललेलं नाही. ते अजून सलतं.

टीम बदलली. नव्या ठिकाणच्या पहिल्याच प्रॅक्टिसला आमच्या गार्डची माणूस सुटली आणि पाय आपोआप आत वळले. पास कोपऱ्यात गेला, मी धरायच्या मुलीने थ्रो टाकला, बसला. मी मान खाली घालून सरांच्या आवाजाची वाट बघत होते. त्याआधी मागून गार्डचा आवाज आला, ‘माझा, माझा!’ ती हात वर करून धावत गेली, जाताना माझ्या पाठीवर थाप मारून. सर फक्त ‘चला, पुढचा बॉल’ म्हणाले.

पुढच्या बॉलला मी परत आत गेले.